रॅपर भटू आप्पा

भटू आप्पाला "किती वाजले?" असं विचारू नये, हे सुरतेतल्या बमरोलीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायचं. मला कुणी सांगितलं नाही. मी नव्या खोलीचं कुलूप काढत होतो, माझं घड्याळ बंद पडलं होतं आणि शेजारच्या दारात एक लुकडा माणूस बनियनवर उभा राहून दात घासत होता. मी विचारलं. त्याने तोंडातला फेस गटारीत टाकला, उजव्या पायाने फरशीवर ठेका धरला, दोन्ही हात माझ्या नाकासमोर नाचवले आणि म्हणाला,

"घड्याळ से शेठना हातमा, मनं ध्यान से भातमा! तास कसाले मोजतस भाऊ? पाळी सरनी का घर जाऊ!"

एवढं बोलून तो आत निघून गेला. किती वाजले ते काही मला कळलं नाही.

मी मूळचा अकोल्याकडचा. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड चेकिंगला होतो. उजेडावरून कापड ओढायचं आणि कुठे डाग, तुटका धागा, फिका रंग दिसला की खडूने खूण करायची, एवढंच माझं काम. आयुष्यभर हेच केल्यामुळे मला माणसातसुद्धा आधी डाग दिसतो. भटू आप्पाबद्दल माझं मत पहिल्याच दिवशी ठरलं: माणूस येडा आहे. गल्लीचंही हेच मत होतं, त्यामुळे मला खडू झिजवावा लागला नाही.

आप्पा धुळ्याकडचा. त्याची भाषा अहिराणी, त्यात सुरतेत राहून शिरलेली गुजराती. पण भाषेपेक्षा त्याचं यमक जास्त नडायचं. साधं वाक्य त्याच्या तोंडातून निघतच नसे. रेशनच्या दुकानात घासलेटच्या रांगेत सगळे खाली मान घालून उभे असायचे, कारण दुकानदाराशी कोण वाकडं घेणार? आप्पा मात्र नंबर आला की पाय आपटून म्हणायचा, "ओ काका, शूं छे भाव? घासलेटमा पानी, तुमनं मोठं नाव!" रांग हसायची. दुकानदार आप्पाला घासलेट संपल्याचं सांगायचा. मग रांगही हसायची थांबायची, कारण एकदा संपलं म्हटल्यावर ते सगळ्यांसाठीच संपायचं.

एकदा तो सायकलवर बायकोला मागे बसवून उधन्याकडे निघाला होता. हवालदाराने डबलसीट म्हणून अडवलं. दुसऱ्या कुणीही हात जोडले असते. आप्पाने सायकल स्टँडला लावली आणि दोन्ही हात पसरून ऐकवलं, "मांगे बसेल बायको, पुढे बसेल मी! दांडीवर जागा से मामा, बसस का तू बी?" हवालदाराने कानाखाली एक वाजवली. तिला काही यमक नव्हतं.

तो ज्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा त्याला सुरतेत खातं म्हणतात. खात्यात आवाज असा असतो की शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतो ते त्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं. कारीगर एकमेकांशी हातवारे करून बोलतात. आप्पा तिथेही सबंध पाळीभर बडबडायचा, लूमच्या खटखटीवर शब्द बसवत. ऐकू कुणालाच जायचं नाही. त्याला त्याचं काही वाटायचंही नाही.

मग प्लेग आला आणि गेला. सुरत आधी पळाली, मग परतली, आणि परतल्यावर तिला एकाएकी स्वच्छतेचं वेड लागलं. रोज सकाळी गाडी येऊ लागली, डबे आले, दंड आले. आमच्या गल्लीने दंड भरला, डबे घरात पाणी साठवायला नेले आणि कचरा पूर्वीसारखाच गटारीत टाकला. तेव्हा आप्पाने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून एक नवीन सुरू केलं:

"कचरा टाक डब्बामा, नही ते जाशी खड्डामा! उंदीर म्हने उंदरीले, चाल वं, जाऊत बमरोलीले!"

हे पोरांनी उचललं. कुणाच्या दारातून राखेचं पोतं गटारीकडे निघालं की पोरांचं टोळकं त्या दारासमोर जमून "चाल वं, जाऊत बमरोलीले!" असं कोकलायचं. सबंध गल्लीसमोर उंदरी म्हणवून घ्यायला कोणती बाई तयार होईल? बाया आधी चिडल्या, मग डबे रिकामे करून दारात ठेवू लागल्या. गटार वाहू लागली. तेव्हा आप्पाने पुढचं कडवं जोडलं: "बमरोली व्हयनी चोख्खी, उंदरी राह्यनी भुक्की!" ते पार पलीकडच्या भेस्तान वस्तीपर्यंत पोचलं.

केबल बघणारी तरणी पोरं म्हणाली, आप्पा, हे तर रॅप आहे. टीव्हीवर उलट्या टोप्या घालून करतात तेच. आप्पाला टीव्ही परवडत नव्हता. तो म्हणाला, "टोपी उलटी घालीसन डोकं सुलटं व्हस का?" आणि कामावर गेला.

हे कुणीतरी एका सरकारी साहेबाच्या कानावर घातलं. साहेब संस्कृतीच्या खात्याचे. सरकारचंही खातं आणि शेठचंही खातं, शब्द एकच. पण शेठच्या खात्यात निदान कापड तरी निघतं. हे साहेब मात्र खरंच भले होते. त्यांचा भाऊ अमेरिकेत होता, तिकडे जाऊन ते गरीब वस्तीतल्या काळ्या पोरांचे कार्यक्रम बघून आले होते. ते स्वतः जीपमधून आमच्या गल्लीत आले, आप्पाच्या दारात उकिडवे बसले आणि उंदरीचं गाणं तीनदा ऐकून खूश होऊन म्हणाले, "भटुभाई, आ तो हिप-हॉप छे!"

"ते काय ऱ्हास?" आप्पाने मला विचारलं.

"हॉप म्हणजे उडी," मी माझ्या अकलेप्रमाणे सांगितलं.

"सायेब, मी ते एक जागेवर उभा ऱ्हास," आप्पा म्हणाला.

साहेबांनी समजावलं. ज्यांचं कुणी ऐकत नाही ती माणसं ठेक्यावर आपलं सांगतात, लोक सुधारतात, म्हणून सरकारने अशा कलावंतांना मान दिला पाहिजे. सांस्कृतिक आणि सामाजिक प्रभाव, असे त्यांचे शब्द होते. जाताना त्यांनी आप्पाचा हात हातात घेतला. सरकारी माणसाने आप्पाला मारण्याखेरीज हात लावल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

सरकारचं पत्र आप्पाच्या लूमच्या खात्यावर आलं, शेठच्या हातात पडलं. 'श्रेष्ठ रॅपर' म्हणून आपला जाहीर सन्मान करण्यात येईल, असं त्यात होतं. आता सुरतेत रॅपर म्हटलं की कुणालाही एकच गोष्ट आठवते. साडीवर चढवतात तो चकचकीत कागद, आणि तो चढवणारा पॅकिंगचा माणूस. हा दुसऱ्याकडे चोरून पॅकिंग करतो, या संशयाने शेठने आप्पाला लूमवरून ओढून बाहेर आणला.

"अल्या भटू, मारे त्यां लूम चलावे ने बीजे पॅकिंग करे? कोने त्यां जाय छे, बोल!"

आप्पाने पॅकिंग नव्हे, हे हे असं, म्हणून शेठला तिथल्या तिथे उंदरी करून दाखवली. शेठ म्हणाला, "आ तो तू रोज बके छे! आने माटे सरकार शाल आपे?" तरी त्याचा संशय फिटला नाहीच. पुढे आठवडाभर तो आसपासच्या पॅकिंगवाल्यांकडे चौकशी करत होता. आम्ही गल्लीत हा किस्सा सांगून लोळून हसलो. शेठ म्हणजे अडाणी माणूस, त्याला काय कळणार, असं मी स्वतः म्हटलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आप्पा माझ्या दारात आला आणि साधं बोलला. पाय हलला नाही, हात हलले नाहीत. मला वाटलं, याला ताप आलाय.

"भाऊ, उद्या इंदूले पुढे बसाडजो. मना तोंडसमोर."

इंदूवहिनी म्हणजे त्याची बायको. त्याच खात्यात बॉबिनवर धागा भरायला होत्या. लूमच्या आवाजात वर्षं काढून त्यांचे कान गेले होते, हळूहळू, आणि शेवटी पूर्ण. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. आप्पाने सांगितलं, कान गेल्यावर त्या ओठांकडे बघून बोलणं ओळखू लागल्या. पण साधं बोलणं ओठांवरून निसटून जायचं. ठेका धरला, हात हलवले आणि शब्दाला जोडीचा शब्द दिला, की एक कळल्यावर दुसरा आपोआप कळायचा. तेव्हापासून त्याला तसंच बोलायची सवय लागली. घरात एक आणि बाहेर एक अशी जीभ त्याला ठेवता येईना.

"ती घरमा हसस माले देखीसन," तो म्हणाला. "पन बाहेर लोक हसतस ना, ते तिले दिखस. काय हसतस, ते ऐकू येत नही. ती इचारस, तुमले येडा समजतस का लोक? मी सांगस, नही वं, खुश व्हतस. तिले पटत नही. तिना भाऊ बी तेच सांगतस तिले, खुना करीसन." त्याने कानशिलाजवळ बोट फिरवून दाखवलं. "आते उद्या सरकार टाळ्या वाजाडी. ते तिले दिखी."

मी बरं म्हटलं. एवढ्या मोठ्या मानाचं त्याला एवढंच हवं होतं.

समारंभ रविवारी सकाळी, शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये होता. आम्ही तिघं गेलो. शेठही आला होता, पांढरे कपडे घालून, जणू शाल त्यालाच मिळणार होती. पाहुण्यांसाठी राखलेल्या पुढच्या ओळीतल्या एका खुर्चीवर मी इंदूवहिनींना बसवलं. उठवायला आलेल्या माणसाला सांगितलं, बाई कलावंताच्या घरच्या आहेत, हलणार नाहीत. स्टेजवर मी त्या भल्या साहेबांना शोधत होतो. ते दिसेनात. दाराशी बिल्ला लावून उभ्या असलेल्या कारकुनाला विचारलं तर म्हणाला, त्यांची बदली झाली. आता नवे साहेब आहेत.

नवे साहेब माइकला तोंड चिकटवून बोलत होते. गरब्याचे एक गुरुजी झाले, एक चित्रकार झाला, मग साहेबांनी हातातली चिठ्ठी वाचली. "हवे आवे छे आपणा कापड उद्योगनुं गौरव, श्रेष्ठ रॅपर, पॅकिंगना कुशळ कारीगर, श्री भटुभाई!"

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. पण साहेब तिथे थांबले नाहीत. त्यांना विषय आवडला होता. साडी कितीही सुंदर असो, गिऱ्हाइकाला आधी काय दिसतं? रॅपर! सुरतची साडी देशभर जाते ती कुणाच्या हातून? प्रमुख पाहुण्यांनी मान डोलावली. ते म्हणाले, माझी मिसेस तर खोकं बघूनच साडी पसंत करते. हॉल हसला, आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या मागून शेठ, आपलं पहिल्यापासूनचं म्हणणं खरं ठरल्याच्या समाधानाने, म्हणाला, "में तो पेलेथी कीधेलुं!"

आप्पा तोवर स्टेजच्या मध्यावर पोचला होता. तो थबकला. त्याला गुजराती चांगलं कळायचं. पॅकिंग म्हणजे काय हेही कळत होतं. त्याने माइककडे पाहिलं आणि त्याचा उजवा पाय उचलला गेला. मी मनात म्हटलं, आप्पा, हाण आता! हवालदाराला सोडलं नाहीस, याला कशाला सोडतोस? एक कडवं फेक आणि या सगळ्या सभेची अब्रू काढ. माझी स्वतःची मूठ वळली होती.

त्याच वेळी त्याची नजर पुढच्या ओळीवर गेली. इंदूवहिनी टाळ्या वाजवत होत्या. हात डोक्याच्या वर नेऊन. मध्येच त्या मागे वळून हॉलभर बघायच्या, सगळे वाजवतायत ना याची खात्री करून घ्यायच्या आणि पुन्हा पुढे वळून वाजवायच्या. माइकआड लपलेलं साहेबांचं तोंड त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की सुटाबुटातली माणसं त्यांच्या नवऱ्याकडे बघून टाळ्या वाजवतायत आणि कुणी कानशिलाजवळ बोट फिरवत नाही.

आप्पाने पाय खाली ठेवला. शाल घेतली, नारळ घेतला, सन्मानचिन्ह घेतलं. कुणीतरी त्याच्यासमोर माइक धरला. त्यात तो "आभार" म्हणाला. एवढाच शब्द, जोडीदाराशिवाय.

मला त्या दिवशी जो राग आला तो आजही गेलेला नाही. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या कचेरीत गेलो. टेबलामागचा माणूस यादीत लिहिलेल्या शब्दावर बोट ठेवून शांतपणे म्हणाला, "रॅपर लख्युं छे, रॅपरने आप्युं छे. भूल क्यां छे?" तक्रार असेल तर ज्याचा सन्मान झाला त्याने स्वतः येऊन करावी. मी आप्पाच्या मागे लागलो. तो म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, इंदू खुश से." पेपरात फोटो आला आणि खाली पॅकिंग. सन्मानचिन्हावर पितळेत साडीचं खोकं कोरलं होतं. ते वहिनींनी देवाच्या फळीवर ठेवलं. खोकं कशाचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा आप्पाने सांगितलं, कचऱ्याचा डबा आहे. त्यांना ते पटण्यासारखंच होतं. गल्लीतल्या सगळ्यांना खरं कळलं होतं, शेजाऱ्याचा तांब्या फुटला तरी दवंडी पिटणारी ही गल्ली, पण वहिनींजवळ कुणीही तोंड उघडलं नाही. एवढं एकच काम आमच्या गल्लीने एकमताने केलं.

पुढच्या वर्षी सरकारला रॅप म्हणजे काय ते कळलं. सन्मान एका बिल्डरच्या भाच्याला मिळाला. तो उलटी टोपी घालून केबलवरची गाणी जशीच्या तशी म्हणत असे. शहरात ही कला आणणारा पहिला तरुण, असं त्याच्याबद्दल सांगण्यात आलं. आणि आप्पाची उंदरी? ती गुजराती करून भिंतींवर रंगवली गेली, कचऱ्याच्या डब्याच्या चित्रासकट. खाली लिहिलं होतं: पारंपरिक लोकगीत. बमरोलीच्या भिंतीवर तर ते आप्पाच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर होतं. तो रोज त्याच्यासमोरून पाळीला जायचा. माझ्याकडे खडू असूनही मला त्या भिंतीवर कुठे खूण करावी ते कळलं नाही.

पण मला सांगायचंय ते समारंभाहून परततानाचं. आम्ही हॉलमधून बाहेर पडून रिक्षा केली. मी पुढे रिक्षावाल्याशेजारी टेकलो, मागे ते दोघं. आप्पाच्या गळ्यात शाल होती आणि तो बाहेर बघत होता. वहिनींनी सन्मानचिन्ह मांडीवर धरलं होतं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या नेहमी मोठ्याने बोलत. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात मारून विचारलं,

"काय काय बोल्ना तो सायेब? इतला येळ बोली राह्यन्ता!"

मी मागे वळलो नाही. समोरच्या आरशात मला दोघं दिसत होते. आप्पाने क्षणभर खाली पाहिलं. मग तो पूर्ण वळून त्यांच्या तोंडासमोर तोंड करून बसला, रिक्षाच्या पत्र्यावर पायाने ठेका धरला आणि दोन्ही हात उचलले.

"सायेब म्हने, आयका लोक, हाऊ से भटू कारीगर! लूम चालस हातवर, अन् बोल चालस गल्लीभर! येडा म्हनेत त्यासनी आते खाली घाला मान, याना एक बोलवर गाव व्हयनं..."

"छान!" वहिनी त्याच्या आधीच म्हणाल्या.

आप्पा थांबेना. सरकारने जे म्हणायला हवं होतं ते सगळं तो म्हणाला. घासलेटवालं म्हणाला, हवालदारावरचं म्हणाला, प्लेगमध्ये कोण पळालं आणि कोण राहिलं तेही म्हणाला, प्रत्येक ओळीला "सायेब म्हने" लावून. रिक्षावाला भाषा कळत नसतानाही मान हलवत होता. वहिनी त्याच्या ओठांवरून नजर काढत नव्हत्या. शेवटी त्याचा दम संपला. तेव्हा त्यांनी जरा लाजत, पण त्याच मोठ्या आवाजात विचारलं,

"अन् मनं नाव लिधं का त्यासनी?"

आप्पाचे हात खाली आले. या वेळी त्याने ना पाय आपटला ना यमक शोधलं. सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट ठेवत तो म्हणाला,

"सगळास्ना पहिले तुनंच लिधं."

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि बमरोली येईपर्यंत त्या रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्या लोकांकडे ताठ मानेने बघत राहिल्या.